हॅलोविनची तयारी, आणि राक्षस पुस्तकातलाच हवा

31 ऑक्टोबरला हॅलोविन, म्हणजे पोरं भुताखेतांची सोंगं घेऊन दारोदार चॉकलेटं मागत हिंडतात तो दिवस, तर सप्टेंबर संपायच्या आत एक काम करून टाका, घरातल्या प्रत्येकाला विचारा यंदा तू कोण होणार आणि उत्तर कागदावर लिहून फ्रिजला चिकटवा, नाहीतर 29 ऑक्टोबरच्या रात्री मत बदलतं आणि दुकानात उरलेलं असतं फक्त केळ्याचं सोंग. आम्ही न्यू जर्सीत आल्यापासून घरात एकच नियम आहे, भूत राक्षस काहीही व्हा पण ते पुस्तकातलं हवं आणि पुस्तकात जसं लिहिलंय तसं दिसलं पाहिजे. यात माझा कंजूषपणा पण आहे, कारण पुस्तकातली भुतं बहुतेक जुन्या कपड्यांत भागतात.

कपडे मोजताना स्वेटर घालून मोजा, हे सगळ्यात महत्त्वाचं. पहिल्या वर्षी आमच्या धाकट्याचा एवढा नटवलेला ड्रॅक्युला, सहा वाजता अंधार पडला, थंडी वाजायला लागली आणि वर चढलं निळं जॅकेट, मग काय, दारोदार एक सर्दी झालेला मुलगा फिरला फक्त. तेव्हापासून दोन साइझ मोठं घेते, ऊब आत आणि भूत बाहेर.

मुलीला फ्रँकेनस्टाइन व्हायचं असेल तर आधी तिला सांगा की ते नाव बनवणाऱ्याचं आहे, त्या प्राण्याला बिचाऱ्याला नावच नाही. 1818 च्या मूळ कादंबरीत तो हिरवा नाहीये, मानेत बोल्ट पण नाहीत, ते आपल्या डोक्यात बसलंय 1931 च्या सिनेमापासून. पुस्तकात पिवळट कातडी, काळेभोर लांब केस, पांढरे शुभ्र दात आणि काळे ओठ आहेत. म्हणजे खरेदीत पिवळा फेस पेंट, काळी लिपस्टिक, काळा विग, बस. उंची आठ फूट लिहिलीय ती सोडून द्या. पिवळ्यासाठी हळद वापरू नका हं, मी वापरलीय, तीन दिवस पोरगी कावीळ झाल्यासारखी शाळेत जात होती आणि बाईंनी काळजीने विचारलं सुद्धा. पेंट विकतचाच घ्या आणि आदल्या दिवशी हाताच्या आतल्या बाजूला थोडा लावून बघा, खाज आली तर फेकून द्या. टाक्यांच्या खुणांना वॅसलिनमध्ये मैदा कालवायचा, चिमूटभर कोको घालायचा, कपाळावर लांबट वळी लावून मधोमध टूथपिकने चीर पाडायची आणि चिरेत लाल लिपस्टिक भरायची, फार भारी दिसतं. 2024 ला तर नरकचतुर्दशी आणि हॅलोविन एकाच दिवशी आले होते, पहाटे उटणं लावून घासलेलं तोंड संध्याकाळी परत पिवळं केलं, आईला व्हिडिओ कॉलवर काय सांगायचं तेच कळेना.

नवऱ्याला ड्रॅक्युला करायचा असेल तर लाल अस्तराची केप आणू नका. 1897 च्या पुस्तकात तो पहिल्यांदा भेटतो तेव्हा चांगला म्हातारा आहे, लांब पांढरी मिशी, नखशिखांत काळे कपडे, जुळलेल्या दाट भुवया, टोकदार नखं, आणि तळहातावर केस! हे तळहातावरचे केस कुणालाच माहीत नसतात, विगचे कातरलेले तुकडे चिकटवून हात मिळवायला पुढे करा आणि समोरच्याचं तोंड बघा. मिशी कापसाची करू नका, बोलताना तोंडात जाते, विकतची घ्या आणि चिकटते का ते आधी बघून ठेवा. आणखी एक, पुस्तकातला ड्रॅक्युला दिवसा पण फिरतो, उन्हात त्याची राख होत नाही, म्हणजे शाळेच्या दुपारच्या परेडलाही बिनधास्त जाता येतं.

ज्याचं काहीच ठरलेलं नाही त्याच्यासाठी एच. जी. वेल्सच्या कादंबरीतला अदृश्य माणूस, तोही 1897 चाच. ओव्हरकोट, हातमोजे, रुंद कडेची हॅट, निळा गॉगल, गुलाबी खोटं नाक आणि डोकंभर बँडेज, थंडीत याच्याइतकं सुखी सोंग नाही. बँडेज डोक्याला गुंडाळत बसू नका, कुणी बाथरूमला निघालं की सगळं सुटतं. जुन्या धोतराच्या तीन बोटं रुंद पट्ट्या फाडायच्या आणि त्या भारतातून आणलेल्या माकडटोपीवर कच्च्या टाक्यांनी शिवून टाकायच्या, घातली की भूत, काढली की माणूस. नाकातोंडावर पट्टी नको.

वॉशिंग्टन आयर्व्हिंगच्या गोष्टीतला बिनडोक्याचा घोडेस्वार म्हणजे आमच्या भागातलाच म्हणायचा, हडसनच्या काठावर स्लीपी हॉलो नावाचं खरंखुरं गाव आहे, आधी नॉर्थ टॅरीटाउन होतं, 1996 ला लोकांनी गोष्टीवरून नाव बदलून घेतलं. 1820 च्या त्या गोष्टीत तोफगोळ्याने मुंडकं उडालेला हेसियन, म्हणजे इंग्रजांनी भाड्याने आणलेला जर्मन, शिपाई आहे. मोठ्या माणसाचा कोट घ्या, खांद्यांच्या जागी पुठ्ठा घालून पोराच्या डोक्याच्या वर उचला, शर्टाच्या बटणांच्या जागी काळी जाळी लावा म्हणजे त्याला पायऱ्या दिसतील, आणि काखेत प्लॅस्टिकचा भोपळा. तोच भोपळा कँडीची बादली, म्हणजे पोरगं आपल्याच मुंडक्यात चॉकलेटं घेत हिंडतं.

आता आपला वेताळ. चांदोबा वाचत वाढलेल्याला राजाच्या खांद्यावरचं ते प्रेत विसरता येत नाही. बाबा विक्रम, पुठ्ठ्याची तलवार आणि फेटा, आणि धाकटा वेताळ, पांढरा पंचा, पिंजारलेले केस, राख फासल्यासारखी पावडर. वीस किलोचा वेताळ तासभर खांद्यावर बसवून बाबांची कंबर जाईल म्हणून आम्ही रस्त्यावर वेताळाला चालवतो आणि दार आलं की खांद्यावर घेतो. अमेरिकन शेजाऱ्यांना काही कळत नाही पण वेताळाने प्रश्न विचारायचा आणि राजा बोलला की उडी मारून थेट अंगणातल्या झाडाकडे पळायचं, हे एवढं दाखवलं की हसतात आणि दोन चॉकलेटं जास्त देतात. गल्लीच्या कोपऱ्यावरच्या कुलकर्णी आजोबांनी दार उघडताच "डोक्याची शंभर शकलं होतील रे!" म्हणून ओरडून पोराला खरंच घाबरवलं होतं.

शाळेचा ईमेल नीट वाचा, बऱ्याच शाळांत मुखवटा, रक्त आणि खोटी हत्यारं चालत नाहीत, राजाची तलवार घरीच ठेवायची. रंगीत कॉन्टॅक्ट लेन्स दुकानातून अशाच उचलू नका, इथे त्या डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकणं बेकायदा आहे आणि डोळ्याला इजा होते ती वेगळीच. काळे कपडे म्हणजे गाडीवाल्याला दिसत नाही, पाठीला चमकणारी पट्टी, हातात टॉर्च. कुणाच्या पायरीवर निळसर हिरवा भोपळा दिसला तर तिथे खाण्याऐवजी खेळणी मिळतात, ॲलर्जीवाल्या पोरांसाठी असतं ते, आपणही एक ठेवावा. निघायच्या आधी जेवण, शक्यतो पोळीचा रोल, कारण नखं लावलेल्या हाताने वरणभात कालवता येत नाही. पर्समध्ये सेफ्टी पिनांची अख्खी माळ, टिश्यू, मिशीचा गम.

आणि बाथरूममध्ये खोबरेल तेल, कापूस आणि जुना टॉवेल आधीच काढून ठेवा, कारण रात्री नऊला पोरं सोफ्यावरच झोपतात आणि मग झोपलेल्या राक्षसाचं तोंड पुसत बसावं लागतं, एक गाल झाला की तो कूस बदलतो आणि दुसरा गाल उशीला पिवळा.