अमाइन चढवलेला कार्बन वायू धरत नाही? या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात वडोदऱ्यात गोबरगॅसमधला कार्बन डायऑक्साइड काढायला आम्ही अमाइन (हा वायू पकडणारं नायट्रोजनयुक्त रसायन) चढवलेल्या सक्रिय कार्बनचा, म्हणजे बारीक छिद्रांच्या कोळशाचा, पहिला घाणा काढला, तेव्हा दाणे बरणीत गुळाच्या ढेपेसारखे चिकटून बसले. चूक माझीच. जास्त अमाइन, म्हणजे मिथेनमधला जास्त कार्बन डायऑक्साइड निघेल, असा बाळबोध हिशेब मी मांडला होता.

कार्बनची सगळी मिळकत छिद्रांत. चांगल्या कार्बनच्या एका ग्रॅममध्ये हजारेक चौरस मीटर पृष्ठभाग भरतो, पण छिद्रं बहुतेक दोन नॅनोमीटरच्या आतली. त्यात पॉलिइथिलीनइमाइनसारख्या अमाइनचा लांबलचक रेणू कोंबला की तोंडं बुजतात. सेव-उसळीत तर्री जास्त पडली की शेवेचं होतं, तसंच. म्हणून वजनाच्या 5, 10 आणि 20 टक्के अमाइन चढवून तिन्ही नमुने तपासा, सोबत कोरा कार्बनही. गोबरगॅसमध्ये कार्बन डायऑक्साइड 40 टक्क्यांच्या आसपास असतो. तिथे कोरा कार्बन पुढे गेला तर दचकू नका. मात्र कोरा कार्बन मिथेनही धरतो. वायूत कार्बन डायऑक्साइड थोडाच उरला की अमाइन आपला गुण दाखवतं.

कार्बन आधी 110 अंशांवर रात्रभर वाळवा. जुलैत तो उघडा राहिला तर छिद्रांत दमट हवेतलं पाणी आधीच जाऊन बसतं. अमाइन मिथेनॉलमध्ये विरघळवून चढवत असाल तर मिथेनॉल फ्यूम हूडखाली (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात), ज्योतीपासून लांब, सावकाश उडवा. घाईने उकळलं तर अमाइन बाहेर येऊन दाण्यावर थर धरतं.

गोबरगॅसमधला हायड्रोजन सल्फाइड आधी लोखंडाच्या ऑक्साइडवर काढून घ्या. अमाइन त्यालाही धरतं.

थकलेला कार्बन पुन्हा वापरायचा म्हणून गरम हवा सोडू नका! अमाइनचं ऑक्सिडेशन होतं, आणि आत मिथेन उरला असेल तर हवेत 5 ते 15 टक्के झाल्यावर तो स्फोटक ठरतो. नायट्रोजन वापरा, 100 अंशांच्या आसपास. प्रत्येक फेरीनंतर कार्बनचं वजन करा. मोनोइथॅनॉलअमाइनसारखं अमाइन थोडं थोडं उडून जातं, ते वजनातच कळतं.

कार्बनच्या नळीला वायू चालू असताना हात लावून बघा. कोमट पट्टा हळूहळू वर सरकतो, कारण वायू धरताना उष्णता निघते. पट्टा टोकाला आला की कार्बन भरलाच.

नळीतून बाहेर येणाऱ्या वायूत कार्बन डायऑक्साइड उरलाय का, हे तपासायला चुन्याची निवळी स्वस्त आणि मस्त, पण तीही फसवते. कार्बन डायऑक्साइडने आधी दुधाळ होते, तो येत राहिला की पुन्हा नितळ. ती नितळ बाटली पाहून ‘कार्बन सुधारला’ म्हणून आम्ही चहाला गेलो होतो. आता दर पाच मिनिटांनी ताजी निवळी.