बॅटरीचा माग धरा, रेजिमेंटचा नको

ब्रिटिश तोफखान्यातल्या एखाद्या बॅटरीचा, म्हणजे काही तोफांच्या मूळ पथकाचा, इतिहास शोधायचा असेल तर आधी क्रमांकावरचा विश्वास सोडा. 1899 ते 1924 या काळात फील्ड (रणांगणावरच्या तोफांचा) आणि गॅरिसन (किल्ले आणि अवजड तोफांचा) असे वेगळे विभाग होते, दोघांचे क्रमांकही स्वतंत्र. नुसत्या ‘37’ वरून काही कळत नाही. वहीत चार रकाने आखा: तारीख, त्या दिवशीचं पूर्ण नाव, वरचं पथक, ठिकाण. तारखेशिवाय नाव लिहायचंच नाही.

‘ब्रिगेड’ या शब्दाला हमखास ठेच लागते. तोफखान्यातली ब्रिगेड म्हणजे लेफ्टनंट कर्नलच्या हाताखालच्या मोजक्या बॅटऱ्या. 1914 मध्ये फील्ड ब्रिगेडला तीन बॅटऱ्या, प्रत्येकी सहा तोफा. 1938 मध्ये तिलाच रेजिमेंट म्हणू लागले. ब्रिगेड मोडते, वंश चालतो बॅटरीचा.

आपल्या शिरूरचंच घ्या. तिथे 1811 मध्ये मुंबई घोडतोफखान्याचा ट्रूप (तुकडी) उभा राहिला. सिंधमधल्या हैदराबादच्या 1843 च्या लढाईमुळे त्याला ‘ईगल ट्रूप’, म्हणजे गरुड तुकडी, हा मानाचा किताब मिळाला. 1862 मध्ये तो रॉयल आर्टिलरीत, म्हणजे ब्रिटिश सैन्याच्या तोफखान्यात, आला, पुढे ‘एन’ बॅटरी झाला. इंग्रजी कागदांत गाव ‘सिरूर’ असं सापडेल. कंपनीच्या काळातल्या माणसांच्या नोंदी ब्रिटिश लायब्ररीत, इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत. मुंबई सैन्याची मालिका एल/एमआयएल/12.

पहिल्या महायुद्धाच्या डायऱ्या, म्हणजे पथकांच्या रोजच्या अधिकृत नोंदी, लंडनमध्ये क्यूच्या नॅशनल अर्काइव्हजमध्ये, डब्ल्यूओ (वॉर ऑफिस) 95 या मालिकेखाली, बहुतेक डिव्हिजनवार (डिव्हिजन म्हणजे अनेक पथकांची मोठी फौज) लावलेल्या. फील्ड बॅटरीची वेगळी डायरी सहसा नसते, ब्रिगेडची मागवा. ती मे 1916 किंवा जानेवारी 1917 च्या सुमारास तुटली तर हरवली असं समजू नका. पहिल्या वेळी हॉवित्झरच्या (उंच कमानीत गोळा टाकणाऱ्या तोफांच्या) ब्रिगेड मोडून त्यांच्या बॅटऱ्या इतरांत वाटल्या. दुसऱ्या वेळी कित्येक ब्रिगेड डिव्हिजनमधून काढून थेट आर्मीच्या (इथे डिव्हिजनच्या वरच्या मोठ्या फौजेच्या) हाताखाली दिल्या. त्या ‘आर्मी ट्रूप्स’मध्ये पाहा. दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रह्मदेशासाठी डब्ल्यूओ 172.

डायरीतला ‘क्यू.17.बी.3.8’ असा मजकूर म्हणजे तोफेची जागा. अक्षराच्या मोठ्या चौकोनात 17 क्रमांकाचा 1,000 यार्डांचा चौकोन, त्यातला ‘बी’ म्हणजे ईशान्येचा 500 यार्डांचा पाव भाग. त्याच्या नैऋत्य कोपऱ्यापासून आधी पूर्वेला 3 दशांश, म्हणजे 150 यार्ड. मग उत्तरेला 8 दशांश, 400 यार्ड. क्रम उलटला की तोफ भलत्याच शेतात जाते. नकाशाच्या शीटचा क्रमांक, उदाहरणार्थ 57डी, बहुधा आधीच्या पानावर एकदाच दिलेला असतो. तो लगेच टिपून ठेवा.