कुत्र्याचे दात घासताना तोंड उघडू नका

कुत्र्याचे दात घासायचे म्हटलं की बहुतेक जण आधी त्याचा जबडा उघडायला जातात, आणि तिथेच सगळं बिनसतं. जवळजवळ सगळं काम तोंड मिटलेलं असतानाच करायचं असतं. दातांची आतली बाजू जिभेमुळे बऱ्यापैकी साफ राहते. कीटण धरतं ते मुख्यतः गालाकडच्या बाजूला. म्हणजे जबड्याच्या वाटेला जायचंच नाही. फक्त ओठ उचलायचा.

पण ब्रश हातात घेण्याआधी एकदा पशुवैद्याकडून तोंड तपासून घ्या. ही पायरी मी गाळली होती. माझी भुरी ब्रश दिसला की कॉटखाली जाऊन बसायची. मी तिला हट्टी समजले आणि धरून घासत राहिले. दोन महिन्यांनी डॉक्टरांनी तिचा ओठ उचलून दाखवलं: वरच्या मोठ्या दाढेचा टवका उडाला होता आणि आतला लाल ठिपका उघडा पडला होता. त्या उघड्या नसेवर मी रोज ब्रश फिरवत होते. याचं मला आजही वाईट वाटतं.

‘व्यवस्थित जेवतोय की’ यावर विसंबू नका. दात दुखत असला तरी कुत्री-मांजरं बहुधा जेवण सोडत नाहीत. एकाच बाजूने चावणं, घास तोंडातून पडणं, पंजाने तोंड चोळणं, लाळेत रक्त, नकोसा वास, या खुणा बघा. डोळ्याखाली सूज आली तर लोक डोळ्यात थेंब घालत बसतात. त्या वरच्या मोठ्या दाढेची मुळं नेमकी तिथेच असतात आणि बऱ्याचदा पू मुळाशी झालेला असतो.

घरी आठवड्यातून एकदा ओठ उचलून हिरडीच्या कडेची लाल रेघ, तपकिरी कीटण आणि तुटका किंवा हलणारा दात पाहा. पूर्ण वाढ झालेल्या कुत्र्याला 42 दात असतात, मांजराला 30. पिल्लाचे 28 दुधाचे दात साधारण सहा-सात महिन्यांपर्यंत पडतात. लहान जातींमध्ये कधीकधी दुधाचा सुळा जागचा हलत नाही आणि पक्का त्याला खेटून उगवतो. असे जोडसुळे दिसले तर ‘पडेल आपोआप’ म्हणून थांबू नका, दाखवून या.

एकदा धरलेलं कीटण ब्रशने निघत नाही. नखाने किंवा घरच्या कसल्याही हत्याराने ते खरवडू नका. आणि भूल न देता दात साफ करून देतो म्हणणाऱ्याकडे तर जाऊच नका, यावर माझं मत ठाम आहे. जागं जनावर दाबून धरून फक्त दिसणारा भाग खरवडला जातो. दात पांढरे दिसतात, मालक खूश होतो, आणि हिरडीखालचा आजार तसाच वाढत राहतो. खरी तपासणी म्हणजे प्रत्येक दाताभोवती बारीक सळई फिरवून हिरडीची फट किती खोल आहे ते मोजणं. कुत्र्यात ही खोली साधारण 3 मिलिमीटरपर्यंत ठीक, मांजरात 1 पर्यंतच. दाताचं मूळ हाडात असतं, त्यामुळे एक्स-रेही लागतो. जागं जनावर यातलं काहीच करू देणार नाही. भूल दिली की श्वासनलिकेत नळी घालतात, म्हणजे पाणी आणि घाण फुफ्फुसात जात नाही.

डॉक्टरांना चार गोष्टी सरळ विचारा: आधी रक्ततपासणी होईल का, नळी घालणार का, एक्स-रे काढणार का, शेवटी पॉलिश करणार का. पॉलिश राहिलं तर खरखरीत दातावर थर लवकर चढतो. दात काढावा लागला तर घाबरू नका, दुखरा दात ठेवण्यापेक्षा ते कितीतरी बरं. त्यानंतर साधारण दोन आठवडे मऊ खाणं, आणि डॉक्टर सांगेपर्यंत ब्रश बंद. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या देऊ नका. पॅरासिटामॉल मांजराच्या जिवावर बेतते आणि आयबुप्रोफेन कुत्र्यालाही विषारी आहे.

आता घासणं. इथे घाई केलीत तर महिनोन्‌महिने भरपाई करत बसाल.

पहिला आठवडा ब्रश कपाटात राहू द्या. कुत्र्याच्या समोर उभं राहून वाकू नका, त्याला ते धमकी वाटतं. शेजारी, त्याच्याच दिशेला तोंड करून बसा. ओठाला बोट लावा, काढा, खाऊ द्या. एवढंच. दोन दिवसांनी ओठ क्षणभर उचला आणि सोडा. त्याने मान फिरवण्याआधी हात काढायचा, नंतर नाही. मान फिरवल्यावर हात काढलात तर मान फिरवली की सुटका होते, हे तो पहिल्याच दिवशी शिकतो.

हे जमलं की बोटावर पेस्ट घ्या. पेस्ट जनावरांसाठीचीच हवी. कुत्रा पेस्ट थुंकत नाही, गिळतो. आपल्या पेस्टमध्ये फ्लोराइड आणि फेस आणणारी द्रव्यं असतात, काहींत झायलिटॉल म्हणजे साखरेऐवजी घातलेलं गोड द्रव्य असतं. या झायलिटॉलने कुत्र्याच्या रक्तातली साखर झपाट्याने उतरते आणि यकृतही निकामी होऊ शकतं. पेस्ट नसेल तर नुसता ओला ब्रश चालेल. खाण्याचा सोडा नको.

मग ब्रश, अगदी मऊ केसांचा. सुरुवात सुळ्यापासून करा. समोरचे बारीक दात नाकाखाली असतात, तिथे हात गेला की बहुतेक कुत्री बिथरतात. ते अगदी शेवटी. मागच्या दाढा ‘दिसाव्यात’ म्हणून ओठ वर ताणू नका, मी तेच करत असे. ब्रश सुळ्यामागून गालाच्या पिशवीत सरकवा आणि न बघता मागे न्या. गालच तो दाढेशी धरून ठेवतो. केस हिरडीच्या कडेवर तिरके, साधारण 45 अंशांत टेकवा आणि छोटे गोल फिरवा. सवय झाली की उलट करा: आधी वरची मोठी दाढ. लाळग्रंथीची नळी तिच्याजवळच उघडते, म्हणून कीटण तिथेच सर्वांत जास्त साचतं, आणि कुत्र्याचा धीर सुरुवातीलाच असतो. एका बाजूला अर्धा मिनिट पुरे.

गुरगुरला तर थांबा आणि रागावू नका. गुरगुरणं दाबलंत तर पुढच्या वेळी तो न सांगता चावेल. दोघांनी मिळून धरणं, तोंड दाबून बंद करणं, हे कुणीही सुचवलं तरी करू नका.

घासायचं रोज. दातावरचा थर दोन-तीन दिवसांत कडक व्हायला लागतो, त्यामुळे आठवड्यातून एकदाच्या घासण्यावर भरवसा ठेवू नका.

चघळायला काय देता तेही तपासा. अंगठ्याचं नख रुतत नसेल इतकं कडक काही नको: हाडं, शिंगं, खूर काहीच नाही. भुरीची दाढ मीच दिलेल्या हाडाने तुटली होती.

तिची दाढ काढल्यावर मी पुन्हा बोटापासून सुरुवात केली. सहा आठवडे लागले. आता ब्रश दिसला की ती स्वतःहून येऊन बसते. डावीकडे, जिथली दाढ गेली, तिथे ओठाला हात लागला की अजून मान किंचित आखडते. त्या बाजूला मी सर्वांत शेवटी जाते, आणि चार-पाचदा ब्रश फिरवून थांबते.