उबुंटू 22.04 (लिनक्स) वर आर्डुइनोचा पोर्ट गायब होतो? हे करून बघा

नागपूरच्या सीताबर्डीतून आणलेला स्वस्त आर्डुइनो नॅनो बोर्ड (प्रोग्राम करता येणारं छोटं सर्किट) कॉम्प्युटरला लावला, दिवा लागला, पण आर्डुइनोच्या सॉफ्टवेअरमधल्या पोर्टच्या यादीत काहीच नाही. केबल बदलली, दुसरी आणायलाही निघालो होतो. दोष बोर्डाचा नव्हताच.

1. टर्मिनलमध्ये 'सुडो डीमेसेज' (sudo dmesg) चालवा आणि शेवटच्या ओळी वाचा. 'टीटीवाययूएसबी0' (ttyUSB0, म्हणजे बोर्डाचा पोर्ट) जोडला गेला आणि लगेच सुटला, शेजारी 'बीआरएलटीटीवाय' (brltty) हे नाव, असं दिसलं की चोर सापडला. हा ब्रेल डिस्प्लेसाठीचा (स्क्रीनवरचा मजकूर बोटांनी वाचता येईल अशा ठिपक्यांत दाखवणाऱ्या यंत्रासाठीचा) प्रोग्राम. बोर्डावरची यूएसबी जोडणीची सीएच340 चिप त्याला ब्रेल यंत्र वाटते आणि तो पोर्ट बळकावतो.
2. 'सुडो एपीटी रिमूव्ह बीआरएलटीटीवाय' द्या. (टाईप करायचं ते असं: sudo apt remove brltty)
3. केबल काढून पुन्हा लावा. पोर्ट दिसतो.

पोर्ट दिसूनही 'परमिशन डिनाइड' आलं, तर स्वतःला 'डायलआउट' (dialout, म्हणजे असे पोर्ट वापरायची परवानगी असलेल्या) ग्रुपमध्ये टाका आणि लॉगआउट करून परत या.

कॉलेजच्या लॅबमधल्या किंवा सामाईक कॉम्प्युटरवर मात्र आधी विचारा. तिथे कोणी दृष्टिहीन विद्यार्थी ब्रेल डिस्प्ले वापरत असेल, तर हा प्रोग्राम काढू नका. त्याचं वाचनच बंद पडेल.