वकिलाकडे जाण्यापूर्वी: ग्रीन कार्ड आणि हद्दपारीच्या खटल्यासाठी कागदपत्रांची तयारी

अमेरिकेतील मराठी कुटुंबांत, विशेषतः एच-१बी या कुशल नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांत, असा समज बराच काळ होता की ग्रीन कार्डाची, म्हणजे कायम वास्तव्याच्या परवान्याची, प्रक्रिया ही नोकरदारांची आणि हद्दपारीचा खटला हा बेकायदा आलेल्यांचा विषय. नागरिकत्व व स्थलांतर सेवा विभागाने, म्हणजे यूएससीआयएसने, २८ फेब्रुवारी २०२५ रोजी काढलेल्या धोरणपत्रानंतर हा समज बाळगणे धोक्याचे आहे. ज्याचा अर्ज नामंजूर झाला आणि ज्याच्यापाशी देशात राहण्याचा दुसरा कायदेशीर आधार उरला नाही, अशा व्यक्तीला इमिग्रेशन न्यायालयात हजर राहण्याची नोटीस देण्याची वाट त्या पत्राने रुंद केली. अर्जात आज जे लिहिले जाते, तेच उद्या न्यायालयात सरकारी वकील वाचून दाखवू शकतो, म्हणून दोन्ही ठिकाणी टिकेल अशी एकच फाइल आधीपासून तयार ठेवावी. या न्यायालयात सरकार फुकट वकील देत नाही. वकील करण्याचा हक्क कायद्याने आहे, पण खर्च स्वतःचा, आणि लहान मुलांच्या खटल्यातही नियम हाच. साहजिकच वकिलाचा तास महाग असतो, आणि तो तुमचे जुने व्हिसे कोणत्या साली संपले हे शोधण्यात जाऊ नये.

फाइलमध्ये सर्वांत वर ए-नंबर असावा. स्थलांतर खात्याकडून व्यक्तीला मिळणारा, ए या अक्षरापुढे येणारा हा सात ते नऊ अंकी क्रमांक ग्रीन कार्डावर, वर्क परमिटवर आणि न्यायालयाच्या नोटिशीवर असतो. नोटीस आली असेल तर तिचे प्रत्येक पान जपावे, पाकिटही टाकू नये, कारण नोटीस कोणत्या पत्त्यावर आणि केव्हा पाठवली गेली हाच पुढे वादाचा मुद्दा होऊ शकतो. नोटिशीवर छापलेल्या तारखेवर विसंबू नये. इमिग्रेशन न्यायालयाच्या स्वयंचलित माहिती सेवेवर ए-नंबर देऊन तारीख पुन्हा पुन्हा तपासावी, कारण तारखा पुढे जातात तशा अलीकडेही येतात. तारखेला गैरहजर राहिल्यास माणसाच्या पाठीमागे हद्दपारीचा हुकूम निघू शकतो आणि तो फिरवून घेणे फार कठीण असते. घर बदलले तर यूएससीआयएसला दहा दिवसांत कळवावे लागते, पण तेवढ्याने न्यायालयाला कळत नाही. न्यायालयासाठी वेगळा फॉर्म आहे आणि त्याची मुदत पाच दिवसांची आहे.

यानंतर स्वतःच्या अमेरिकेतील वास्तव्याचा कालक्रम एका कागदावर लिहून काढावा: कोणत्या व्हिसावर कधी आलात, प्रत्येक वेळचा आय-९४, म्हणजे प्रवेशाची व मुक्कामाच्या मुदतीची नोंद, केव्हापर्यंत होता, नोकरी कधी सुटली, मध्ये किती दिवस पगाराविना गेले. एच-१बीची नोकरी गेल्यावर मिळणारी सवलत जास्तीत जास्त साठ दिवसांची असते आणि ती आय-९४ आधी संपत असल्यास तितकीच लहान होते, हे अनेकांना नोकरी गेल्यावरच कळते. जुने पासपोर्ट, रद्द झालेलेसुद्धा, सोबत न्यावेत. स्मरणशक्तीवर भरवसा ठेवण्यापेक्षा माहितीच्या स्वातंत्र्याच्या कायद्याखाली स्वतःची सरकारी फाइल मागवणे बरे. यूएससीआयएसची फाइल, सीमा विभागाच्या ये-जा करण्याच्या नोंदी आणि न्यायालयाचे दप्तर यांसाठी तीन वेगळे अर्ज करावे लागतात. उत्तर यायला वेळ लागतो, म्हणून हे अर्ज वकील ठरण्याआधीच टाकले तरी बिघडत नाही.

महाराष्ट्रातून आणायच्या कागदांचा भाग सर्वांत अधिक वेळ खातो. जन्मदाखल्यात फक्त वडिलांचे नाव आणि ‘मुलगा’ एवढीच नोंद असणे, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मतारीख वेगळी असणे, लग्नानंतर पत्नीचे पहिले नावसुद्धा बदललेले असणे, पासपोर्टात वडिलांचे नाव मधल्या नावाच्या जागी येणे आणि इतरत्र न येणे, या गोष्टी आपल्याकडे इतक्या नेहमीच्या आहेत की त्यांत काही वावगे आहे असे कुणाला वाटतही नाही. परदेशी अधिकाऱ्याला मात्र त्या दोन वेगळ्या व्यक्ती वाटू शकतात. नाव बदलल्याचे राजपत्र असल्यास त्याची प्रत, नसल्यास विवाह नोंदणीचा दाखला आणि दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र तयार ठेवावे. जन्माची नोंदच नसेल तर ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा महानगरपालिकेकडून अनुपलब्धता प्रमाणपत्र घ्यावे आणि त्यासोबत जन्माची प्रत्यक्ष माहिती असलेल्या दोन वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे जोडावीत. अर्ज भरण्याच्या तोंडावर घाईने उशिरा नोंद करून आणलेला दाखला एकटाच दिला तर त्यावर शंका घेतली जाते, म्हणून शाळेचे जुने कागद त्यासोबत हवेतच. मराठी कागदांचे संपूर्ण इंग्रजी भाषांतर जोडावे लागते, शिक्क्यांवरील मजकुरासह, आणि भाषांतर पूर्ण व अचूक असून आपल्याला दोन्ही भाषा येतात असे भाषांतरकाराने सही करून लिहून द्यावे लागते. त्याला सरकारी परवाना लागत नाही, पण अर्जदाराने स्वतःच भाषांतर करू नये.

आता अवघड भाग. पोलिसांशी आलेला प्रत्येक संबंध, कितीही किरकोळ वाटला तरी, वकिलाला सांगायचा असतो. दारू पिऊन गाडी चालवणे, दुकानातून न भरता आणलेली वस्तू, घरातील भांडणात शेजाऱ्याने बोलावलेले पोलीस, यांची न्यायालयाने शिक्का मारून दिलेली अंतिम निकालपत्रे गोळा करावीत. ‘प्रकरण मिटले’ किंवा ‘रेकॉर्ड पुसले’ एवढ्यावर समाधान मानू नये, कारण १९९६ च्या कायद्यातील व्याख्येनुसार गुन्हा कबूल केला आणि काही ना काही शिक्षा वा बंधन घातले गेले, तर राज्याच्या न्यायालयाने नंतर ते प्रकरण काढून टाकले तरी स्थलांतराच्या दृष्टीने तो दोषसिद्धीच ठरू शकतो. गांजा अनेक राज्यांत दुकानात उघड मिळतो. संघराज्याच्या कायद्याने तो अजूनही निषिद्ध आहे आणि आपण तो घेतल्याची नुसती कबुलीही अडचणीत आणू शकते. फॉर्मवरील अटकेचा प्रश्न जगातील कोणत्याही देशाबद्दल असतो, तेव्हा पुण्यातील जुनी एफआयआर आणि तिच्यातील अटकही त्यात आली. वाहन परवाना काढताना चुकून मतदार नोंदणी झाली असेल तर तेही आधी वकिलाला सांगावे. फौजदारी खटला अजून चालू असल्यास कबुली देण्यापूर्वी दोन्ही वकिलांना एकमेकांशी बोलायला लावावे. कबुलीमुळे हद्दपारी होऊ शकते का, हे अशिलाला सांगणे फौजदारी वकिलाचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली पडिया विरुद्ध केंटकी या खटल्यात ठरवले आहे.

मुलांनी ग्रीन कार्ड काढून दिलेले आणि वर्षातील बराच काळ पुण्या-नाशिकला राहणारे आईवडील ही आपल्याकडची वेगळी तयारी. १८० दिवसांहून जास्त बाहेर राहून परतणाऱ्याकडे नव्याने प्रवेश मागणारा म्हणून पाहिले जाऊ शकते. वर्षभर वा अधिक काळ बाहेर राहायचे असेल तर पुनःप्रवेश परवान्याचा अर्ज अमेरिकेत असतानाच करावा लागतो. अमेरिकेतील घराचा पत्ता, बँक खाते, रहिवासी म्हणून भरलेले कर आणि मुक्काम लांबल्याचे रुग्णालयाचे कागद त्यांच्या हातपिशवीत असावेत. विमानतळावर आय-४०७ हा फॉर्म पुढे केला गेला तर, ग्रीन कार्ड स्वेच्छेने सोडत असल्याची ही सही देण्याची सक्ती नाही आणि आपण न्यायाधीशासमोर बाजू मांडू इच्छितो, हे वाक्य त्यांच्याकडून आधी पाठ करून घ्यावे.

वकील निवडताना एक गोष्ट सहसा सुटते. कंपनीने नेमलेला वकील कंपनीचाही वकील असतो, आणि तुमच्यात व कंपनीत हितसंबंधांचा तंटा झाला तर तो तुमची बाजू घेईलच असे नाही. स्वतःचा स्वतंत्र वकील एकदा तरी गाठावा, आणि न्यायालयाची नोटीस आली असेल तर तो नियमितपणे इमिग्रेशन न्यायालयात उभा राहणारा असावा, कारण फक्त नोकरीचे अर्ज भरणाऱ्या उत्तम वकिलालाही साक्ष आणि उलटतपासणीचा सराव नसतो. स्थलांतराचा कायदा संघराज्याचा असल्याने दुसऱ्या राज्यातील सनदही चालते, मात्र त्या राज्याच्या बारच्या संकेतस्थळावर सनद चालू असल्याची आणि शिस्तभंगाची नोंद नसल्याची खात्री करावी. आपल्याकडे नोटरी हा बहुधा वकील असतो, अमेरिकेत तसे गृहीत धरू नये. फॉर्म भरून देणारा ओळखीचा एजंट तर वकील नव्हेच. पैसे नसतील तर न्याय खात्याची मान्यता असलेल्या संस्थांतील अधिकृत प्रतिनिधी आणि न्यायालयाने प्रसिद्ध केलेली मोफत मदतीची यादी पाहावी. फी, तिच्यात काय येते आणि काय येत नाही, अपील वेगळे आहे का, हे लेखी घ्यावे, आणि कोऱ्या फॉर्मवर सही कधीही करू नये. मराठीतच नीट बोलता येत असेल तर न्यायालयाकडे मराठी दुभाषा मागावा. हिंदी चालेल असे सौजन्याने सांगून साक्षीत घोटाळा करून घेऊ नये.

अटक झालीच तर घरच्यांना ए-नंबर आणि जन्मदेश ठाऊक हवा, कारण ताब्यातील व्यक्ती शोधण्याची सरकारी ऑनलाइन सोय त्यावर, किंवा पूर्ण नाव व जन्मदेशावर, चालते. कैद्याला दुसऱ्या राज्यात हलवले जाऊ शकते, म्हणून वकिलाचा क्रमांक फोनमध्ये नव्हे, पाठ असावा. भारतीय वकिलातीला कळवण्याची मागणी अटकेतील व्यक्तीने स्वतः करावी लागते, ते आपोआप घडत नाही. फाइलची एक प्रत घराबाहेरच्या विश्वासू माणसाकडे ठेवावी, आणि शाळेतून मुलांना कोण नेऊ शकते याची लेखी नोंद शाळेत द्यावी. अमेरिकेत जन्मलेल्या मुलांचा अमेरिकी पासपोर्ट चालू ठेवावा आणि त्यांचे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत सरकार देते ते) आताच काढून घ्यावे, कारण त्या अर्जावर आईवडील दोघांच्या सह्या लागतात आणि एकजण कोठडीत असताना त्या मिळवणे सोपे नसते.