आमसुलाच्या पाण्याने सुधारला मॉरिस मायनरचा स्विच

मालवणच्या खाऱ्या हवेने आमच्या जुन्या मॉरिस मायनर गाडीचा इग्निशन स्विच खाल्ला होता. किल्ली फिरवली की लाल दिवा लागायचा, जरा धक्का बसला की विझायचा. मेकॅनिक म्हणाला, "दादानू, नवो घाला." बाजारातला नवा म्हणजे हलका पत्रा, मला तो नको होता.

आधी जुना मूळचाच आहे ना, ते पाहिलं. अंगावर लुकासचा (गाड्यांचे विजेचे भाग बनवणारी कंपनी) ठसा, कुलपाच्या तोंडावर 'एफए' आणि आकडा, किल्लीवरही तोच. जोडी शाबूत!

बॅटरीची वायर काढून स्विच बाहेर घेतला. तपकिरी वायर कायम करंटची, पांढरी इग्निशननंतरची. काढण्यापूर्वी फोटो मारून ठेवा. मागचे पत्र्याचे कान हळूच उचकले, तर आत पितळी कॉन्टॅक्टवर हिरवा गंज जमलेला. आमच्याकडे तांब्याची भांडी आमसुलाने घासतात, तेच पाणी टूथब्रशने लावलं. मग सोड्याच्या पाण्याने धुऊन कडकडीत सुकवलं. हे टाळलं तर आंबट पाणी पितळ पुन्हा खातं. कॉन्टॅक्टवर व्हॅसलीनचा पुसट हात दिला.

कुलपात मात्र तेल नको, धूळ धरतं. पेन्सिलच्या शिशाची पूड घाला.

जोडल्यावर इग्निशन चालू ठेवून व्होल्टमीटर तपकिरी-पांढऱ्यामध्ये लावला: काटा शून्यालाच, म्हणजे स्विचमध्ये व्होल्टेज अडत नाही.