‘मला झोप लागत नाही’ – कधीच नाही? : मुलांच्या आरोग्य प्रश्नावल्या मराठीत आणताना

आठ वर्षांची मुलगी. दमा होता. रात्री खोकल्यानं उठून बसायची आणि आई पाठ चोळत राहायची. मी तिच्यासमोर मराठीत आणलेली प्रश्नावली ठेवली. त्यात एक वाक्य होतं : ‘मला रात्री झोप लागत नाही.’ पुढे पाच चौकोन : कधीच नाही, क्वचित, कधीकधी, बऱ्याचदा, नेहमी. तिनं पेन्सिल घट्ट धरून पहिल्याच चौकोनात खूण केली. मी विचारलं, “म्हणजे तुला छान झोप लागते?” ती म्हणाली, “नाही ना. कधीच नाही लागत.”

गुण मोजणाऱ्याच्या तक्त्यात तिचा त्रास शून्य म्हणून गेला असता. ते वाक्य मी लिहिलेलं होतं. तेव्हापासून मुलांच्या प्रश्नावलीचं काम हाती घेतलं की पहिल्यांदा मी ‘नाही’ शोधते. मराठीत या अर्थाच्या ‘कधीच’ला नकार लागतोच, त्यामुळे नकारार्थी वाक्यापुढे ‘कधीच नाही’ आलं की मूल दोन्ही नकार एकत्र जोडून वाचतं. त्यात चूक त्याची नसते, मराठी असंच बोलते. उपाय सोपा आहे. त्रास हा शब्द वाक्यात आणायचा आणि वाक्य होकारार्थी ठेवायचं : ‘मला रात्री झोप लागायला त्रास होतो.’ आता ‘कधीच नाही’ म्हणजे कधीच त्रास होत नाही. ‘माझं इतर मुलांशी पटत नाही’ हेही याच कारणानं ‘इतर मुलांशी जमवून घेणं मला अवघड जातं’ असं करावं लागतं. ते थोडं लांब होतं, होऊ द्या.

हे काम करणाऱ्यांसाठी, म्हणजे नवे भाषांतरकार, बालरोग विभागातले समाजसेवक, संशोधनासाठी प्रश्नावली मराठीत हवी असलेले निवासी डॉक्टर, यांच्यासाठी मी जे शिकले ते लिहिते आहे.

सुरुवात परवानगीपासून. बहुतेक प्रश्नावल्यांचे हक्क कुणाचे तरी असतात. हक्कधारकाला आधी पत्र लिहा आणि मराठी आवृत्ती आधीच झालेली आहे का ते विचारा. असली तर ती वापरा. एकाच प्रश्नावलीच्या तीन वेगवेगळ्या मराठी आवृत्त्या फिरत राहिल्या तर एका गावातल्या मुलांचे गुण दुसऱ्या गावातल्या मुलांशी ताडून बघता येत नाहीत. नसली तर प्रत्येक प्रश्नामागे नेमकं काय मोजायचं आहे याचं टिपण मागून घ्या. हे टिपण शब्दकोशापेक्षा जास्त उपयोगी पडतं.

मुलांच्या जीवनमानाची पेड्सक्यूएल ही प्रश्नावली घ्या. तिच्या मूळ भागात २३ प्रश्न आहेत : शरीराचे ८, भावनांचे ५, मित्रमैत्रिणींचे ५, शाळेचे ५. त्यात ‘एका ब्लॉकपेक्षा जास्त चालायला त्रास होतो का’ अशा अर्थाचा प्रश्न आहे. अमेरिकेत ब्लॉक म्हणजे दोन रस्त्यांमधलं अंतर. आपल्याकडे मुंबई-पुण्यात ब्लॉक म्हणजे राहायची जागा. ‘एक ब्लॉक चालणे’ वाचून मूल स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत जाईल. ‘शंभर मीटर’ लिहिलं तर दहा वर्षांच्या मुलाला ते पाठ्यपुस्तकातलं वाटतं, पायांना कळत नाही. अशा ठिकाणी मी ‘रस्त्यावरचे दोन-तीन विजेचे खांब ओलांडून जाईपर्यंत’ असं काहीतरी सुचवते, कारण खांब वाडीतही असतात आणि सोसायटीबाहेरही. असा बदल मात्र मनानं करायचा नाही. हक्कधारकाला कारणासह लिहायचं आणि त्यांचा होकार आला की मगच छापायचं.

आता रीत. आरोग्याच्या प्रश्नावल्यांची भाषांतरं कशी करावीत याची आंतरराष्ट्रीय तत्त्वं २००५ साली प्रसिद्ध झाली. साधारण क्रम असा : दोन जणांनी एकमेकांचं न बघता स्वतंत्र मराठी करायचं, मग दोन्ही समोर ठेवून एक मसुदा ठरवायचा, तो मूळ न पाहिलेल्या तिसऱ्या माणसानं परत इंग्रजीत न्यायचा, फरक तपासायचे आणि शेवटी ज्यांच्यासाठी आहे त्यांच्यापैकी पाच ते आठ जणांबरोबर बसून वाचायचं. कागदावर हे सरळ दिसतं. उलट भाषांतराच्या पायरीवर मात्र सावध राहा. ती पायरी जड मराठीला पास करते आणि चांगल्या मराठीला नापास. ‘श्वसनमार्गातील अवरोध’ इंग्रजीत परत जाताना एका अक्षरानंही हलत नाही. ‘छातीतून सूं सूं आवाज येतो’ हे परत जाताना विचित्र दिसतं, आणि तिकडून शेरा येतो : अर्थ बदलला. अशा वेळी माघार घेऊ नका. आई हा आवाज कोणत्या शब्दानं सांगते आणि तुमचा शब्द का निवडला, हे दोन ओळींत लिहून पाठवा. मी प्रत्येक वादग्रस्त शब्दासाठी अशी नोंद ठेवते.

त्या आवाजाबद्दल जरा जास्त लिहिते, कारण दम्याच्या प्रश्नावल्या इथेच फसतात. इंग्रजीत त्याला व्हीझ असा एकच शब्द आहे. श्वास सोडताना येणारा शिट्टीसारखा बारीक आवाज. मराठीत आई म्हणते ‘घरघर लागली’, पण घरघर सर्दीनं घशात कफ अडकला तरी लागते, आणि म्हाताऱ्या माणसाच्या शेवटच्या श्वासालाही तोच शब्द आहे. एका आजीनं प्रश्न ऐकून चटकन नातवाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि “असं अभद्र नका विचारू” म्हणाली. ‘धाप लागते’ म्हणजे पळून आल्यावरचं, ‘दम लागतो’ही तेच, आणि ‘दमा’ म्हटलं की घरचे आधी नाहीच म्हणतात, कारण मुलीच्या लग्नापर्यंत विचार गेलेला असतो. म्हणून एका शब्दावर विसंबू नका, वर्णन करा : ‘श्वास सोडताना छातीतून शिट्टीसारखा बारीक आवाज येतो का?’ ही अडचण फक्त मराठीची नाही. १९९१ साली सुरू झालेल्या, मुलांच्या दम्याच्या आयझॅक या जगभरच्या अभ्यासात मोठ्या मुलांना बऱ्याच ठिकाणी शब्दांबरोबर चित्रफीतही दाखवली जायची, म्हणजे आवाजाचं नाव माहीत नसलं तरी तो ओळखता येईल.

दुखण्याचंही असंच. मराठीत ‘दुखणं’ म्हणजे वेदना आणि ‘दुखणं’ म्हणजे आजारपणही. शिवाय ‘दुःख’ त्याच्या शेजारीच उभं असतं. ‘तुला किती वेदना होतात?’ हे पाच वर्षांच्या मुलाला नाटकातलं वाटतं. क्रियापद वापरा : ‘किती दुखतंय?’ चेहऱ्यांची चित्रं असतील तर तोंडी सूचना नीट तपासा. दुखणं मोजायची एक सहा चेहऱ्यांची सुधारित पट्टी २००१ साली आली. तिच्यात मुद्दामच हसरा चेहरा नाही आणि अश्रूही नाहीत, कारण मुलं नाहीतर ‘मी आनंदी आहे का’ याचं उत्तर देतात. तुम्ही मराठीत ‘हसरा चेहरा म्हणजे दुखत नाही, रडका म्हणजे खूप दुखतं’ असं सांगितलंत की ती सगळी मेहनत वाया गेली. ‘हा चेहरा म्हणजे अजिबात दुखत नाही’ म्हणायचं, बोट ठेवायचं, पुढे जायचं.

काळाचे शब्द. ‘गेल्या महिन्यात’ म्हणजे आपण गुढीपाडव्याला बोलत असू तर फाल्गुन, नाहीतर इंग्रजी कॅलेंडरातला आधीचा महिना. प्रश्नावलीला हवे असतात आजपासून मागचे तीस दिवस, म्हणून ‘गेल्या महिनाभरात’. ‘आठ दिवसांत’ म्हणजे आपल्याकडे आठवडा, पण सात दिवसांच्या प्रश्नावलीत कुणीतरी खरोखर आठ मोजतंच, तेव्हा ‘गेल्या सात दिवसांत’ लिहा. ‘परवा’ कधीही वापरू नका, तो मागेही जातो आणि पुढेही. सहा-सात वर्षांच्या मुलाला महिना कळत नाही. विचारणाऱ्यानं आधी खूणगाठ बांधून द्यायची : “गणपती गेले ना, त्यानंतर आजपर्यंत.” ही खूणगाठ छापील मजकुरात घालायची नाही, ती दर महिन्याला बदलते. विचारणाऱ्याच्या सूचनांत लिहून ठेवायची.

उत्तरांचे चौकोन. ‘क्वचित’ मोठ्यांना येतो, चौथीतल्या मुलाला नाही. मी ‘अगदी कमी वेळा’ वापरते. ‘जवळजवळ कधीच नाही’ टाळते, कारण वाचण्याच्या घाईत ‘जवळजवळ’ गळून पडतं. पाच ते सात वर्षांच्या मुलांना पाच पर्याय झेपत नाहीत. पेड्सक्यूएलमध्येही त्या वयाला मोठ्या माणसानं वाचून दाखवायचं असतं आणि तीनच पर्याय असतात, चेहऱ्यांसह : अजिबात नाही, कधीकधी, खूप.

मुलगा की मुलगी, हा मराठीचा खास प्रश्न. ‘मी लवकर दमतो/दमते’ अशी तिरकी रेघ प्रत्येक वाक्यात आली की नवं वाचायला शिकलेलं मूल तिथेच अडखळतं, आणि काही मुलं दोन्ही शब्द मोठ्यानं वाचतात. सुदैवानं आपल्याकडे ‘मला’ आहे. ‘मला लवकर थकवा येतो’, ‘मला राग येतो’, ‘मला पळायला त्रास होतो’, ‘माझं पोट दुखतं’ : यात कुठेच लिंग येत नाही. अख्खी प्रश्नावली अशी लिहिता येते, मी लिहिली आहे. पालकांच्या प्रतीत ‘तुमच्या मुलाला’ म्हटलं की मुलीची आई दर वाक्याला थबकते. ‘मुलाला/मुलीला’ लिहा, किंवा दोन वेगळ्या प्रती छापा. दोन प्रतींचा खर्च फार नसतो. लहानग्यांसाठी ‘तुमच्या बाळाला’ सगळ्यांना चालतं.

पालकांना तुम्ही, मुलाला तू. चौदा वर्षांच्या मुलालाही तूच. शब्द मात्र वयाप्रमाणे बदला. पाच वर्षांच्या मुलासाठी ‘शी’ आणि ‘शू’च बरोबर. तेच शब्द आठवीतल्या मुलापुढे ठेवलेत तर तो प्रश्नावली बंद करेल. त्याला ‘संडास’ आणि ‘लघवी’. ‘मलविसर्जन’ कुणालाच नको. मुलींना ‘पाळी’ म्हणायचं, ‘मासिक धर्म’ नाही. उलटी सगळीकडे समजते, तरी सूचनांत ‘ओकारी, वांती’ लिहून ठेवा, विचारणाऱ्याला आजीसमोर उपयोगी पडतं. शाळेला न जाता येणं म्हणजे ‘शाळा बुडणं’. ‘अनुपस्थिती’ हजेरीपटात राहू दे. घरातली कामं विचारताना ‘घरकाम’ लिहू नका, निम्मी मुलं गृहपाठाचं सांगतात. ‘आईला मदत करणं, आपलं ताट उचलणं, झाडून काढणं’ अशी दोन-तीन कामंच लिहा.

ऑटिझमची शक्यता लवकर ओळखण्यासाठी १६ ते ३० महिन्यांच्या बाळांच्या पालकांना विचारायची वीस प्रश्नांची एक यादी आहे, एमचॅटची सुधारित आवृत्ती. तिच्यात काल्पनिक खेळाचा प्रश्न येतो. ‘काल्पनिक’ म्हटलं की पालक गोंधळतात, ‘खोटं खोटं खेळतं का, म्हणजे रिकाम्या कपातून चहा पितं, बाहुलीला भरवतं’ म्हटलं की चेहरा उजळतो. त्याच यादीत बाळाला ऐकू येत नसावं अशी शंका आली होती का, हा प्रश्न आहे. तिथे ‘बहिरं’ शब्द घातलेला एक मसुदा मी पाहिला. एका आईनं तो कागद उलटा करून ठेवला आणि पुढचं काहीच भरलं नाही. ‘बाळाला ऐकू येतं की नाही, अशी शंका तुम्हाला कधी आली का?’ एवढं पुरतं. त्या यादीत बहुतेक प्रश्नांना ‘नाही’ हे उत्तर काळजीचं, पण तीन प्रश्नांना ‘हो’ हे काळजीचं. हा त्यांतलाच एक. वाक्य मऊ करताना त्याची दिशा उलटली नाही ना, हे दोनदा बघा.

मग मुलांबरोबर बसायचं. या पायरीवर घाई केलीत तर आधीचं सगळं गेलं. “समजलं का?” विचारू नका, आपल्याकडचं मूल मोठ्या माणसाला “नाही समजलं” म्हणत नाही. “हे तुझ्या मैत्रिणीला कसं सांगशील?” असं विचारा. “असं शेवटचं कधी झालं होतं?” विचारा. एका मुलानं ‘मला काळजी वाटते’ला ‘नेहमी’ म्हटलं. कधी, विचारल्यावर म्हणाला, “आईला बरं नसलं की मी तिची काळजी घेतो.” त्या वाक्यात ‘माझं पुढे काय होईल याची भीती वाटते’ असा बदल झाला. आईची खुर्ची मुलाच्या मागे ठेवा, शेजारी नको. शेजारी असली की “सांग ना, परवा नाही का तू...” सुरू होतं, आणि मग उत्तर आईचं होतं. आईचं मत हवंच आहे, त्यासाठी तिची वेगळी प्रत आहे. दम्यावरच्या सी-ॲक्ट या प्रश्नावलीत तर हे सरळ वाटून दिलं आहे : ४ ते ११ वर्षांच्या मुलानं चार प्रश्न सोडवायचे, पालकांनी तीन.

सगळी मुलं एका शाळेतली घेऊ नका. इंग्रजी माध्यमातली मुलं घरी अस्खलित मराठी बोलतात, पण ‘बऱ्याचदा’ वाचताना अडतात. त्यांना वाचून दाखवावं लागतं, आणि ते सूचनांत लिहिलेलं असावं. आश्रमशाळेतल्या पावरी किंवा कातकरी बोलणाऱ्या मुलांना मराठी ही शाळेची भाषा असते. तिथे त्यांची बोली येणारा माणूस सोबत हवा. संशोधनासाठी विचारत असाल तर पालकांच्या सहीबरोबर मुलाचा स्वतःचा होकारही लागतो. त्या कागदाचं मराठीही मुलाला कळेल असंच करा, त्यात ‘तुला नको वाटलं तर मधेच थांबता येईल, कुणी रागावणार नाही’ हे वाक्य ठळक अक्षरांत असू द्या.

छपाईच्या आधीचं प्रूफ स्वतः बघा. अक्षर मोठं, ओळींमध्ये मोकळी जागा, म्हणजे वेलांट्या-उकार खालच्या ओळीला चिकटत नाहीत. प्रश्न एका पानावर आणि चौकोन दुसऱ्या पानावर गेलेले नसावेत. ‘नाही’ एकटं पुढच्या ओळीवर उतरलेलं नसावं. असं एकदा मी शेवटच्या क्षणी पकडलं : ‘मला दुखत’ पहिल्या ओळीत, ‘नाही’ दुसऱ्या ओळीत, आणि चौकोन पहिल्या ओळीसमोर. प्रूफ घेऊन मी शेजारच्या तिसरीतल्या मुलाकडे गेले, तो ओसरीवर बसून मोठ्यानं वाचू लागला आणि पहिल्याच ओळीवर थांबून म्हणाला, “कुठे दुखतं ते लिहिलंच नाहीये.”